गौहरजान यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौहरजान यांचं नाव निघालं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात: त्यांच्या ऐश्वर्याचे किस्से आणि परमुलखातला एकाकी शेवट. या दोन्हींच्या मधे होतं ते गाणं, आणि नेमकं तेच बोलायचं राहून जातं. म्हणून खालच्या उत्तरांत गाण्याला भरपूर जागा दिली आहे आणि किश्शांना लागेल तेवढीच.

गौहरजान कोण होत्या?

हिंदुस्थानी संगीतातल्या, ग्रामोफोनच्या तबकडीमुळे देशभर पोचलेल्या पहिल्या मोठ्या गायिका. जन्म २६ जून १८७३, आझमगढ. निधन १७ जानेवारी १९३०, म्हैसूर. कारकिर्दीचा मोठा काळ कोलकात्यात गेला. १९०२ ते १९२० या वर्षांत त्यांच्या सुमारे ६०० ध्वनिमुद्रिका निघाल्या. ख्याल, ठुमरी, दादरा, होरी, कजरी, चैती, तराणा, गझल, भजन, बंगाली कीर्तन असं जवळजवळ सगळं त्या गायल्या. नृत्याचं रीतसर शिक्षण झालेलं होतं. ‘हमदम’ या नावानं त्या काव्यही करत.

बालगंधर्वांच्या आयुष्यात आलेल्या गोहरबाई त्या याच का?

नाही. महाराष्ट्रात हा घोटाळा हमखास होतो. बालगंधर्वांच्या गोहरबाई म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. अमीरबाई कर्नाटकी यांची बहीण, मूळ विजापूरकडच्या. वयानं त्या गौहरजान यांच्यापेक्षा कितीतरी लहान, जवळजवळ दोन पिढ्यांचं अंतर. तिसऱ्या गोहर म्हणजे रणजित मूव्हिटोनच्या चित्रपटांतल्या नटी मिस गोहर. तिघींची छायाचित्रं आणि माहिती इंटरनेटवर सर्रास एकमेकींच्या नावावर फिरते. एखाद्या चित्राखाली नुसतं ‘गोहर’ लिहिलेलं असेल तर ते जपूनच घ्यावं.

गौहरजान या ध्वनिमुद्रण झालेल्या पहिल्या भारतीय गायिका, हे खरं का?

काटेकोरपणे पाहिलं तर नाही. १८९९ मध्येच लंडनमध्ये काही भारतीयांचे आवाज तबकडीवर उतरले होते. भारताच्या भूमीवर पहिलं मुद्रण झालं ते ८ नोव्हेंबर १९०२ रोजी कोलकात्यात, शशीमुखी आणि फणीबाला या क्लासिक थिएटरमधल्या दोन कोवळ्या मुलींचं. ते मुद्रण करणाऱ्या फ्रेड गेसबर्गनं आपल्या डायरीत त्यांच्या आवाजांना नावं ठेवली आहेत. गौहरजान यांची पाळी आली ११ नोव्हेंबरला, तीन दिवसांनी.

तरीही ‘पहिल्या’ हे विशेषण लोकांनी त्यांनाच का दिलं हे समजण्यासारखं आहे. तयार गळ्याच्या, मैफलींत नाव झालेल्या कलावंतानं या यंत्रासमोर उभं राहून त्याला पुरून उरणारं गाणं केलं, ते त्या दिवशी. पहिलेपणाचा मान शशीमुखी आणि फणीबाला यांना द्यावाच. त्या मुलींची नावं विसरली जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. बाईंचं मोठेपण तीन दिवसांच्या फरकानं कमी होत नाही, कारण ते पहिलेपणावर उभं नाहीच.

त्यांचं मूळ नाव अँजेलिना होतं म्हणतात. ते कसं काय?

वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड हे आर्मेनियन वंशाचे. आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज भारतातच वाढलेली, गाण्यानाचण्याची जाण असलेली. मुलीचं नाव अँजेलिना ठेवलं होतं. १८७९ मध्ये आईवडिलांचा संसार मोडला. नंतर खुर्शीद नावाच्या सरदार घराण्यातल्या माणसाच्या आधारानं मायलेकी १८८१ मध्ये बनारसला आल्या आणि तिथे त्यांनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मलकाजान झाली, अँजेलिनाची गौहरजान. त्या काळात मलकाजान नावाच्या आणखीही गायिका होत्या, आग्ऱ्याच्या मलकाजान तर फारच गाजलेल्या; म्हणून गौहर यांच्या आईला ‘बडी मलकाजान’ म्हणत.

बनारसमध्ये मलकाजान यांचं नाव झालं आणि १८८३ मध्ये दोघी कोलकात्याला आल्या. लखनौचं राज्य गेल्यावर नबाब वाजिद अली शाह कोलकात्याजवळ मटियाबुर्जला राहत होते आणि त्यांच्याभोवती गाण्यानाचण्याचं सगळं लखनौ पुन्हा वसलं होतं. ठुमरी आणि कथक शिकायला याहून चांगली जागा तेव्हा हिंदुस्थानात मिळाली नसती. मुलगी दहा वर्षांची होती.

त्यांचे गुरू कोण?

एक गुरू, एक घराणं असा त्यांचा हिशेब नाही. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वजीर खाँ यांची तालीम मिळाली. कथक बिंदादीन महाराजांकडून. ध्रुपद-धमार सृजनबाईंकडून, बंगाली कीर्तन चरणदास यांच्याकडून. शिवाय ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले, हार्मोनियमवर ठुमरी बोलती करणारे भैया गणपतराव यांच्या शिष्यवर्गात ठुमरीगायक मौजुद्दीन यांच्या बरोबरीनं गौहरजान यांचंही नाव घेतलं जातं.

घराण्याची शुद्धता मोजणाऱ्यांना हे शिक्षण विस्कळीत वाटेल. मला ते त्यांच्या पुढच्या कामाचं भांडवल वाटतं. ज्या बाईला पुढे निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या भाषांतल्या श्रोत्यांसाठी गायचं होतं तिच्याकडे ध्रुपदाची बैठक, ख्यालाची तान, ठुमरीची बोलबनाव (बोलांना भावानं रंगवत जाणं) आणि कीर्तनाचा भाव हे सगळं हाताशी असणं, हे एकाच गायकीत मुरण्यापेक्षा उपयोगाचं होतं. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात पहिली मोठी हजेरी लागली, तेव्हा वय जेमतेम चौदा.

११ नोव्हेंबर १९०२ ला नेमकं काय घडलं?

लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीनं गेसबर्ग या अमेरिकन तंत्रज्ञाला पूर्वेकडच्या देशांतलं संगीत मुद्रित करायला पाठवलं होतं. यंत्र विकायचं तर त्यावर वाजवायला त्या त्या देशाची गाणी हवीत, हा साधा व्यापारी हिशेब. कोलकात्यातल्या एका हॉटेलच्या मोठ्या खोल्यांत तात्पुरती सोय केली गेली.

गौहरजान आल्या त्या सगळा लवाजमा घेऊन. गेसबर्गनं पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे की मेल्बासारख्या युरोप गाजवणाऱ्या बड्या गायिकांचाही एवढा थाट नसे, आणि आपल्या गाण्याला बाजारात काय मोल आहे हे या बाईंना पक्कं ठाऊक होतं. कंपनीला ते बिदागी ठरवताना कळून चुकलं. मला या आठवणीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. समोरचं यंत्र अनोळखी, करार परदेशी कंपनीशी, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ही बाई आपल्या अटींवर बसून बोलणी करते.

तेव्हा गाणं मुद्रित कसं व्हायचं?

मायक्रोफोन नव्हता, वीजही नव्हती. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ च्या सुमारास, म्हणजे बाईंची सगळी मुद्रणं त्याआधीच्या यांत्रिक पद्धतीनं झालेली आहेत. भिंतीतून किंवा पडद्यातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं. आवाजाच्या धक्क्यानं कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरत जाई. झालं मुद्रण.

या व्यवस्थेत गाणाऱ्याचे हाल होते. हळू गायलं तर सुई काही पकडत नसे. अचानक जोरात आवाज लावला तर रेघ बिघडे. मान हलवायची नाही, हात उडवायचे नाहीत. सारंगीवाला आणि तबलजी कर्ण्याजवळ दाटीवाटीनं बसवलेले. चुकलं तर मधून सुधारणा नाही. मेण वाया, पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या मेणाच्या चकत्या पेटीत भरून जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथे त्यांवरून तबकड्या निघायच्या आणि बोटीनं परत इकडे यायच्या. तबकडीसाठी लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे, म्हणजे मालही इथला, गळाही इथला, आणि तबकडी मात्र युरोपचा फेरा करून घरी येणार. कोलकात्यात सियालदाला कारखाना निघाला १९०८ मध्ये, तेव्हा कुठे हा द्राविडी प्राणायाम थांबला.

गाणं संपल्यावर त्या ‘माय नेम इज गौहर जान’ असं इंग्रजीत का म्हणतात?

कारण हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसांना हिंदुस्थानी गाणी, राग, गायक यांतलं काहीच कळत नव्हतं. मेणाच्या चकत्यांची सरमिसळ होऊ नये, लेबल बरोबर लागावं, म्हणून गाण्याच्या शेवटी गाणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगायची पद्धत पडली. अनेक कलावंतांच्या जुन्या तबकड्यांवर अशी घोषणा ऐकू येते. कुणी हिंदुस्थानीत सांगतं, कुणी इंग्रजीत.

पण बाकीच्यांचं नाव सांगणं ही कामाची पूर्तता वाटते आणि बाईंचं मात्र गाण्याचाच शेवटचा तुकडा वाटतं. तान संपते, सम येते, आणि श्वास न घेता ठसक्यात ते वाक्य येतं. ज्या काळात भल्याभल्या बायकांची नावं नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावाशिवाय कागदावर येत नसत त्या काळात एका गाणारणीनं स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं, हजारो अनोळखी घरांत, पुन्हा पुन्हा सांगितलं. कंपनीची गरज होती हे खरंच आहे. ते वाक्य कसं म्हणायचं हे मात्र बाईंनी ठरवलं.

तीन मिनिटांत राग कसा मावणार? ते गाणं खरं शास्त्रीय म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणं बसे. मैफलीत ख्याल मांडायचा तर अर्धा तास नुसत्या बढतीला लागतो. एकेका स्वराभोवती थांबायचं, षड्जापासून वर चढत जायचं, तारषड्जाची वाट पाहायला लावायची. ठुमरीत एकाच ओळीला दहा अर्थ लावायचे, श्रोत्यांनी दाद दिली की तीच जागा पुन्हा वेगळ्या वळणानं घ्यायची. तबकडीवर यातलं काहीच शक्य नाही. समोर श्रोता नाही, दाद नाही, वेळ नाही.

बाईंनी काय केलं ते त्यांच्या तबकड्या ओळीनं ऐकल्या की कळतं. आलाप जवळजवळ नाहीच. पहिल्या काही क्षणांत मुखडा, बंदिशीची पहिली ओळ, म्हणजे राग आणि बंदिश दोन्ही तिथेच समोर. लय मध्य किंवा द्रुत. ओळ पुन्हा येते ती प्रत्येक वेळी काही नवीन घेऊन, नुसती घोकंपट्टी म्हणून येत नाही. अंतरा लवकर. मग ताना, छोट्या, सपाट, चमकदार. दमसास दाखवण्यापेक्षा नेमकेपणा दाखवणाऱ्या. सुई तबकडीच्या मध्याशी पोचण्याआधी समेवर परत. कुठे कापल्यासारखं वाटत नाही, कुठे भर घातल्यासारखं वाटत नाही. आत काय ठेवायचं आणि बाहेर काय सोडायचं याचा निवाडा त्यांनी आधीच केलेला आहे. हे मैफलीच्या गाण्याचं संक्षिप्त रूप म्हणून ऐकलं तर अन्याय होतो. तीन मिनिटांसाठी रचलेला तो स्वतंत्र प्रकार आहे आणि तो त्यांच्या आधी अस्तित्वात नव्हता.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. ठुमरी ही बैठकीत नुसती गात नसत, ती बसल्या जागी ‘अदा’ करत. डोळे, भुवया, मनगट, पदराची हालचाल यांतून बोलाचा अर्थ फुलवायचा. बिंदादीन महाराजांकडे शिकलेल्या गायिकेच्या हाती हे केवढं मोठं हत्यार असेल! कर्ण्यासमोर ते सगळं निकामी झालं. जे डोळ्यांनी सांगायचं ते आता गळ्यानंच सांगायचं. बाईंच्या ठुमरीत एखाद्या शब्दावर आवाज किंचित दाबला जातो, एखाद्या अक्षरावर हलका झटका येतो, त्या जागा मला त्या गमावलेल्या अभिनयाच्या जागा वाटतात. पुढच्या काळात मायक्रोफोनसमोर उभं राहून, न दिसता भाव पोचवणाऱ्या सगळ्या गायकगायिकांना जे करावं लागलं, ते इथे सुरू झालं.

तर ‘खरं शास्त्रीय का’ या प्रश्नाचं माझं उत्तर: राग शुद्ध आहे, ताल पक्का आहे, तालीम प्रत्येक जागेत दिसते. जे नाही ते सावकाशपण. या तबकड्यांवरून त्यांच्या मैफलीची कल्पना बांधू नये, आणि मैफलीच्या मापानं या तबकड्या तोलू नयेत.

मोठे उस्ताद तेव्हा ध्वनिमुद्रणाला का तयार नव्हते?

कारणं अनेक. आपली चीज परक्याच्या हाती जाईल, शिष्य न होता कुणीही उचलेल, ही भीती. तीन मिनिटांत गाणं म्हणजे विद्येचा अपमान, ही भावना. यंत्रानं आवाज जातो हा समजही होता. शिवाय तबकडी पानाच्या ठेल्यावर किंवा न्हाव्याच्या दुकानात वाजेल, ते अनेकांना सहन होण्यासारखं नव्हतं.

या नकारांची किंमत आपण मोजतो आहोत. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, त्यांचा आवाज मुद्रित झालेला नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचंही गाणं ऐकायला मिळत नाही. रंगभूमीवरचे गायकनट भाऊराव कोल्हटकर यांची गोष्ट वेगळी. ते फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले, गेसबर्ग यायच्या पावणेदोन वर्षं आधी. ज्यांच्या गाण्यावर अवघा महाराष्ट्र जीव टाकत होता त्यांच्याबद्दल आज आपण फक्त वर्णनं वाचू शकतो. बाईंनी कर्ण्यासमोर बसायला होकार दिला म्हणून १९०२ मधलं गाणं कसं होतं हे कानांनी कळतं. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुढच्या दोनतीन वर्षांतच मुद्रणं केली, हे आपलं भाग्य.

किती भाषांत गायल्या? मराठीतही?

दहाच्या आसपास भाषा सांगितल्या जातात: हिंदुस्थानी आणि बंगाली मुख्य, त्याखेरीज गुजराती, मराठी, तमिळ, फारसी, अरबी, पश्तू, इंग्रजी, फ्रेंच. प्रत्येक भाषेत त्यांचं सारखं प्रभुत्व होतं असा याचा अर्थ नाही. काही भाषांतली मोजकीच गाणी आहेत. प्रांताप्रांतात नवा ग्राहक मिळावा हा कंपनीचा हेतू त्यात उघड दिसतो. तरी परक्या भाषेची ओळ ती भाषा न बोलणाऱ्या गळ्यातून सुरात आणि समजून उतरवणं सोपं नसतं. १९१० मध्ये त्या मद्रासला गायल्या, तेव्हा त्यांचं नाव तबकड्यांनी आधीच तिथे पोचवलं होतं.

त्या तवायफ होत्या. याबद्दल कसं बोलावं?

सरळ बोलावं. होत्या, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

भारतीय तबकडीच्या पहिल्या पिढीतले बहुतेक बायकांचे आवाज कोठ्यांतून आणि नाटक कंपन्यांतून आले. अलाहाबादच्या जानकीबाई, आग्ऱ्याच्या जोहराबाई आणि मलकाजान, आणि गौहर. उस्ताद तयार नव्हते, घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांना चारचौघांत गायची मुभा नव्हती. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची तालीम होती, व्यवहार करायचं स्वातंत्र्य होतं आणि नवीन काही करून पाहायचं धाडस होतं, त्या या बायका. त्याच सुमारास नाचगाण्याच्या बैठकांविरुद्ध सुधारकांची मोहीमही जोरात होती. ज्या घरांत या बायकांना दारातून आत घेतलं नसतं त्या घरांच्या दिवाणखान्यांत त्यांचा आवाज कर्ण्यातून शिरला. घरातल्या मुलीसुना तो ऐकत, त्यावरून गाणी बसवत. १९२० च्या दशकात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, बाईमाणसाच्या गाण्याला प्रतिष्ठेची बैठक मिळवून दिली. त्यासाठीचा कान तयार करण्यात तबकडीचा वाटा होता असं मी मानते.

या कलावंतांना आज आपण शास्त्रीय संगीताच्या इतिहासात बसवतो तेव्हा त्यांचं तवायफ असणं पुसून टाकायची घाई करतो. ते पुसलं तर त्यांची विद्या कुठून आली हेच सांगता येत नाही.

चार घोड्यांची बग्गी, मांजरीच्या पिल्लांची मेजवानी… हे किस्से खरे का?

किस्से भरपूर आहेत आणि एकमेकांची नक्कल करत वाढलेले आहेत. त्या श्रीमंत होत्या, दागिन्यांची आवड होती, कोलकात्यात चितपूर रस्त्यावर स्वतःची वास्तू होती, ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर त्यांचं चित्र असे. एवढं पुरे.

गांधीजींनी त्यांच्याकडे निधी मागितला होता, हे खरं का?

त्यांच्या चरित्रात हा प्रसंग येतो. स्वराज्य फंडासाठी कार्यक्रम करावा अशी विनंती आली. तुम्ही स्वतः ऐकायला या, या अटीवर बाईंनी ती मान्य केली. गांधीजींना येता आलं नाही. कार्यक्रमातून २४,००० रुपये जमले आणि त्यांनी निम्मेच दिले: शब्द अर्धाच पाळला गेला, म्हणून रक्कमही अर्धी. लोक हे गमतीनं सांगतात. मला त्यात अपमान गिळायला नकार देणारी बाई दिसते. पैसा हवा पण पैसा देणारीच्या मैफलीत बसणं नको, ही तेव्हाच्या सार्वजनिक जीवनातली रीत त्यांनी चांगली ओळखली असणार.

त्यांची मालमत्ता कशी गेली? शेवटची वर्षं कशी होती?

आई १९०६ मध्ये गेली. ज्यांच्यावर जीव जडला होता ते मुंबईच्या रंगभूमीवरचे नट अमृत केशव नायक १९०७ मध्ये अकाली वारले. त्यानंतर घरातल्याच माणसांशी कोर्टकज्जे सुरू झाले. मालमत्तेवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी स्वतःच्या जन्माचा आणि आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा देण्याची वेळ आली. पुढे सचिव म्हणून आलेल्या अब्बास यांच्याशी विवाह झाला, तोही कोर्टात संपला. पैसा या सगळ्यात गेला. इतकं सांगून मी थांबते, कारण या भागावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं चवीनं लिहिलेलं आहे.

म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि १ ऑगस्ट १९२८ पासून दरबारी गायिका म्हणून दरमहा ५०० रुपयांची नेमणूक केली. तिथे दीड वर्षाच्या आतच, १७ जानेवारी १९३० रोजी, त्या गेल्या. वय ५६.

‘एकाकी मृत्यू’ हे शब्द त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असतात. शेवटचे दिवस कठीण होते, खरंच. पण शेवटापर्यंत त्या पगारी गायिका होत्या, कुणाच्या दयेवर पडलेल्या नव्हत्या.

१९११ च्या दिल्ली दरबारात त्या गायल्या होत्या का?

हो. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या त्या सोहळ्यात, डिसेंबर १९११ मध्ये, अलाहाबादच्या जानकीबाईंबरोबर.

मराठी संगीताशी त्यांचा काही संबंध?

थेट शिष्यपरंपरा दाखवता येणार नाही, पण प्रवाह एकच होता. भैया गणपतरावांच्या हार्मोनियमनं गौहरजान यांच्यासारख्या गायिकांना घडवलं आणि त्याच वादनानं गोविंदराव टेंबेही भारावले होते. टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या तेव्हा पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचं वळण मराठी रंगभूमीवर आलं. त्याआधीचं नाट्यपद साकी-दिंडी या जुन्या मराठी वृत्तांच्या आणि कर्नाटकी चालींच्या वळणानं जास्त जाई. ज्यांना नाट्यसंगीताचा कान आहे त्यांनी बाईंचा एखादा दादरा ऐकावा. अनोळखी वाटणार नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या जतनातही मराठी माणसांचं मोठं काम आहे. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संग्राहकांच्या संस्थेनं आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांनी या काळाविषयी, गौहरजान यांच्याविषयीही, चिकाटीनं लिहिलं आणि लोकांना ऐकवलं.

त्यांच्यावर वाचायला, पाहायला काय आहे?

विक्रम संपत यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र २०१० मध्ये आलं. बाईंच्या आयुष्याची आज जी तपशीलवार माहिती सगळीकडे दिसते तिचा बराचसा भाग तिथला आहे. महेश दत्तानी यांनी लिहिलेलं आणि लिलेट दुबे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘गौहर’ हे नाटकही रंगभूमीवर आलं. २६ जून २०१८ ला गूगलनं त्यांच्या जन्मदिनाचं चित्र झळकवलं आणि अनेकांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

आज त्यांचं गाणं कुठे आणि कसं ऐकावं?

संपत यांनीच उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ या संग्रहात आणि यूट्यूबवर पुष्कळ तबकड्या सहज मिळतात. ‘रस के भरे तोरे नैन’ ही भैरवी ठुमरी आधी ऐकावी, मग एखादा तराणा, मग होरी.

पहिल्या ऐकण्यात निराशा होण्याची शक्यता आहे. खरखर फार असते, तबला डब्यासारखा वाजतो, आवाज चिरका वाटतो. यातला बराच दोष कर्ण्याचा आहे: खर्जातले आणि अगदी वरचे सूर त्याला पकडताच येत नसत, त्यामुळे आवाजातली गोलाई गळून फक्त मधला पट्टा उरतो. शिवाय तेव्हाच्या तबकड्यांची गती ठरावीक नसे. ७८ फेरे हे माप नंतर पक्कं झालं. सुरुवातीची तबकडी हळू गतीनं मुद्रित झालेली असेल आणि आज ७८ वर वाजवली असेल, तर पट्टी चढते आणि बाई उगाच घाईत गातायत असं वाटतं. एकच गाणं दोन ठिकाणी वेगळ्या पट्टीत सापडलं तर कारण हेच. गती थोडी कमी करता येत असेल तर करून पाहावी. कित्येकदा आवाज एकदम माणसाचा होतो.

इयरफोन लावून, डोळे मिटून, एकच तबकडी सलग चारपाच वेळा ऐकावी. पहिल्या दोन वेळा कान खरखरीशी झुंजतात. तिसऱ्या वेळेपासून सारंगी कुठे मागे येते, तबलजी कुठे लग्गी (जलद, खेळकर बोल) लावतो, आणि मुखड्यावर परतताना बाई दर वेळी वाट कशी बदलतात, ते दिसायला लागतं.